बिनचिठ्ठीची गोळी

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची मृत्यूशी एक वेगळीच ओळख असते. खातेदार गेला की त्याच्या घरचे लोक दहावे-तेरावे उरकून आमच्याकडे येतात. हातात पासबुक, मृत्यूचा दाखला आणि त्याची झेरॉक्स. आम्ही नाव पडताळतो, तारीख पाहतो, वारसाचे नाव नोंदवले आहे का ते पाहतो. माणूस कशाने गेला हे आमच्या फॉर्मात विचारलेले नसते. ते विमा कंपनीने विचारायचे. मीही कधी विचारले नाही. एकदाच विचारले, आणि त्याचे उत्तर मला मिळाले नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा शाखाधिकारी होतो. एप्रिल २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आले, की बँकांनी आपल्या सर्व फॉर्मांवर स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तृतीयलिंगी असा पर्याय ठेवावा. आदल्या वर्षीचा, १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यामागे होता. परिपत्रके येतात तसे हेही आले, आणि दोन-तीन महिन्यांनी एक बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. उंच, रुंद हाडाची, हिरवी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू. आवाज ऐकताच कॅशियर हसला. मी तिला केबिनमध्ये बोलावले. कर्तव्य म्हणून बोलावले असे लिहायला मला आवडले असते. खरे म्हणजे बाहेर रांग थबकली होती, आणि मला ती पुढे सरकायला हवी होती.

खाते उघडले. मग ती दर सोमवारी येऊ लागली. दोनशे, कधी तीनशे. बहुतेक दहाच्या नोटा, नीट सरळ करून आणलेल्या. "मुंबईला जाऊन ऑपरेशन करायचंय, साहेब. खऱ्या डॉक्टरकडनं," असे तिने एकदा सांगितले. एके दिवशी तिने पाणी मागितले, पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि एकामागून एक पाच गोळ्या घेतल्या.

"एवढ्या?" मी म्हणालो.

"डोस आहे."

"कुणी दिला?"

"कुणी द्यायला कशाला पायजे? दुकानात मिळतात. आमच्यात सगळ्याच घेतात. अंग बाईचं होतं."

पट्टी मी ओळखली. माझ्या पिढीतले कुणीही ओळखेल. एके काळी दूरदर्शनवर तिची जाहिरात लागली की वडीलधारी मंडळी उठून पाणी प्यायला जात. माला-डी, पाळणा लांबवण्याची गोळी.

२०१७ च्या हिवाळ्यात ती लंगडत आली. डावी पोटरी सुजली होती, ठणकत होती. मी खुर्चीतूनच पाहिले आणि म्हणालो, "उभं राहून राहून झालं असेल. रात्री तेल लावून चोळा." पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्यानंतरच्या सोमवारीही नाही. मग तिचा भाऊ आला. दाखल्यावर नाव पुरुषाचे, आमच्या खात्यावर बाईचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणायला मी त्याला सांगितले. एकतीस हजार आणि काही रुपये होते. "कशानं गेला?" मी विचारले. 'गेला' असेच म्हणालो. "धाप लागली अचानक," भाऊ म्हणाला, "दवाखान्यात नेईस्तोवर संपला." शवविच्छेदन झाले नव्हते. तेव्हा त्या गोळ्यांनीच ती गेली असे मी म्हणू शकत नाही. पण एका पायाची सूज, मग अचानक धाप, मग मृत्यू हा क्रम कोणत्याही डॉक्टरला सांगून पाहा. तो पहिला प्रश्न कोणता विचारेल हे आता मला ठाऊक आहे.

ठाऊक मला तेव्हाही असायला हवे होते. २००१ साली माझी थोरली बहीण, आक्का, पन्नाशीची होती. अंगातून वाफा येणे, रात्रीची झोप उडणे असा त्रास सुरू झाला तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला मोटरसायकलवरून दवाखान्यात न्यायचे काम माझ्याकडे असे. दर खेपेला रक्तदाब, वजन; वर्षाला स्तनांची तपासणी. आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न : "पाय सुजतो का? एकच पाय? दम लागतो?" मी बाकावर बसून तो कितीदा तरी ऐकला होता. पुढे जुलै २००२ मध्ये अमेरिकेतून बातमी आली. सोळा हजारांवर स्त्रियांना घेऊन चाललेली एक मोठी चाचणी मध्येच थांबवण्यात आली होती. ऋतुनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण जास्त आढळले होते. (त्या गोळ्यांतले एक द्रव्य गाभण घोडीच्या मूत्रातून काढीत, हे मला त्या बातमीतून कळले. आक्काला मी ते अजून सांगितलेले नाही.) डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून बोलावले आणि गोळ्या हळूहळू बंद केल्या. आक्का आज पंचाहत्तरीकडे आली आहे, आणि माझ्यापेक्षा जोरात चालते.

माझी खातेदार घेत होती ते द्रव्य याच घराण्यातले, पण जास्त दांडगे. तिला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री मानणारी आणि तसे जगणारी जी व्यक्ती, तिला हल्ली मराठीत पारलिंगी स्त्री किंवा ट्रान्स स्त्री म्हणतात. आपल्याकडचे हिजडे, किन्नर, जोगते हे सगळेच या एका शब्दात बसत नाहीत, पण पुष्कळ जणी बसतात. त्यांच्यापैकी अनेकींना आपले शरीर आपल्या मनाच्या जवळ आणायचे असते. त्यासाठी स्त्रीचे संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, द्यावे लागते आणि पुरुषाचे टेस्टोस्टेरोन दाबावे लागते. स्तन वाढतात, कातडी मऊ होते, चरबी शरीरावर वेगळ्या ठिकाणी बसते. आवाज मात्र बदलत नाही, कारण फुटलेला कंठ पुन्हा मिटत नाही. बीजनिर्मिती घटते आणि ती कायमची बंदही पडू शकते, म्हणून पुढेमागे मूल हवे असेल तर उपचारांआधीच वीर्य साठवून ठेवायला सांगतात. ही साठवण करणाऱ्या संस्थेलाही बँकच म्हणतात. त्या बँकेत आमच्या खातेदाराला कुणी नेले नसणार.

या उपचारांचे धोके जगाला बऱ्याच अंशी एका शहराने दाखवून दिले : हॉलंडमधले अॅमस्टरडॅम. तिथल्या मुक्त विद्यापीठाच्या रुग्णालयात १९७० च्या दशकापासून अशा व्यक्तींवर उपचार होत आले, आणि तिथल्या डॉक्टरांनी हिशेब ठेवला. मी बँकेतला माणूस, मला या गोष्टीचे अप्रूप. औषध देणारे पुष्कळ असतात. दिलेल्या औषधाचे पुढे काय झाले याची खातेवही लिहिणारे थोडे. १९८९ साली त्यांनी ३०३ पारलिंगी स्त्रियांचा ताळेबंद छापला. शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण त्यांच्या वयाच्या सर्वसाधारण माणसांच्या ४५ पट निघाले. १९९७ साली ८१६ जणींचा हिशेब आला, तो २० पट. उपचार त्या काळच्या सर्वमान्य पद्धतीनेच चालले होते : रोज १०० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि जोडीला टेस्टोस्टेरोन रोखणारे सायप्रोटेरोन.

एथिनिल इस्ट्रॅडिऑल हे मानवी शरीरात तयार होणारे संप्रेरक नव्हे. १९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत ते घडवले गेले. निसर्गाचे इस्ट्रॅडिऑल तोंडाने घेतले तर यकृत त्याचा बराच भाग मोडून टाकते आणि शरीराला थोडेच मिळते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूला एक शेपूट जोडले, जेणेकरून यकृताला ते सहजी मोडता येऊ नये. युक्ती लागू पडली. जगातल्या कोट्यवधी गर्भनिरोधक गोळ्या तिच्यावर चालल्या. पण मोडत नाही म्हणजे ते यकृतातून पुन्हा पुन्हा फिरते, आणि रक्त गोठवणारी द्रव्ये यकृतातच बनतात. पाहुणा दारातून हलेना, तसे यकृत ती द्रव्ये जास्त बनवू लागते, आणि गोठणे थोपवणारी द्रव्ये कमी पडतात. पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते. ती तिथे आहे तोवर सूज आणि ठणका. सुटून फुप्फुसात जाऊन अडकली की धाप. सिगारेट, लठ्ठपणा, चाळिशीपुढचे वय, शस्त्रक्रियेनंतर पडून राहणे हे सगळे त्यात भर घालते. आणि अशा पायाला चोळणे हे करू नये त्या गोष्टींत मोडते.

अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी चाळिशीपुढच्या स्त्रियांना तोंडाने गोळी देणे थांबवून कातडीवर चिकटवायची इस्ट्रॅडिऑलची पट्टी द्यायला सुरुवात केली. कातडीतून औषध सरळ रक्तात जाते, आधी यकृतात जात नाही. गुठळ्या कमी झाल्या. २००३ साली रक्ताच्या तपासण्यांमधूनही दिसले, की रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढते ती मुख्यतः एथिनिल इस्ट्रॅडिऑलने. नैसर्गिक इस्ट्रॅडिऑलने, पट्टीने तर विशेषच, ती फार कमी वाढते. जाणकार डॉक्टर आज या उपचारासाठी एथिनिल इस्ट्रॅडिऑल देत नाहीत.

माला-डीच्या पट्टीत २८ गोळ्या असतात. त्यातल्या ७ लोहाच्या, २१ संप्रेरकांच्या. संप्रेरकाच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल. माझ्या डोळ्यांदेखत तिने पाच गोळ्या घेतल्या, म्हणजे १५०. ज्या मात्रेपायी अॅमस्टरडॅमचे डॉक्टर धास्तावले आणि ज्या औषधाला त्यांनी रजा दिली, तेच औषध, दीडपट, रोज, कुठलीही तपासणी न होता. गोळीतले दुसरे द्रव्य लेव्होनॉर्जेस्ट्रेल. त्याच्यात पुरुषी संप्रेरकासारखा किंचित गुण असतो; बाईपण यावे म्हणून घेतलेल्या गोळीत हे एक विचित्रच. गोळीला मी दोष देत नाही. रोज एक, ज्या कामासाठी ती केली त्या कामासाठी, योग्य त्या स्त्रीने घेतली तर ती चांगली गोळी आहे. बिनचिठ्ठीची मिळते आणि स्वस्त आहे, हेही तिचे पुण्यच. तिने किती बायकांची बाळंतपणे वाचवली असतील.

'वीसपट' हा आकडा ऐकून एखादी ट्रान्स मुलगी किंवा तिची आई घाबरून जाईल, म्हणून एक हिशेब इथेच करतो. कर्ज देताना आम्ही नेहमी विचारत असू : किती टक्के वाढले हे नको, मूळ रक्कम किती ते सांगा. तरुण माणसाला शिरेत गुठळी होण्याची मूळ शक्यताच फार थोडी. अमेरिकेत २८४२ पारलिंगी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांच्या तुलनेत गुठळ्यांची अधिक प्रकरणे दोन वर्षांत दर हजारी सुमारे ४, आणि आठ वर्षांत सुमारे १७ निघाली. म्हणजे धोका खरा आहे, उपचाराची वर्षे वाढतात तसा तो वाढतो. आणि हजारांतल्या नऊशेहून जास्त जणींच्या वाट्याला तो येत नाही. हा डॉक्टरांच्या नजरेखालचा हिशेब. पाच-पाच गोळ्यांचा हिशेब कुणी ठेवलेला मी पाहिला नाही.

स्तनांच्या कर्करोगाचेही असेच. हॉलंडमधल्या २२६० पारलिंगी स्त्रियांपैकी १५ जणींना तो झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांशी तुलना केली तर हे ४६ पट, इतर स्त्रियांशी केली तर सुमारे तिसरा हिस्सा. दोन्ही आकडे खरे. डॉक्टरांनी त्यातून काढलेला अर्थ एवढाच, की इतर स्त्रियांना तपासणीचा जो सल्ला देतो तोच यांनाही द्यावा. आमच्या आक्काला दरवर्षी मिळत होता तो.

सायप्रोटेरोनवर २०२० साली युरोपच्या औषध नियामकांनी बंधने घातली. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणावर गाठ येण्याचा धोका वाढतो, असे दिसले होते. स्पायरोनोलॅक्टोन हे टेस्टोस्टेरोन रोखायला वापरतात ते दुसरे औषध. ते मुळात हृदयरोग्यांचे. आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावरचे दोघे ते घेतात. त्यातला एक छाती सुजून दुखू लागली तरी लाजेने महिनाभर बोलला नाही. हा त्या औषधाचाच गुण, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याला जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. या औषधाने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, आणि फार वाढले तर हृदयाचा ठोका चुकतो. साध्या रक्ततपासणीत ते कळते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे, इस्ट्रॅडिऑल आणि टेस्टोस्टेरोन किती आहे ते मोजावे, त्याप्रमाणे मात्रा ठरवावी, असा डॉक्टरांचा प्रघात आहे. पाच गोळ्यांनी अंग लवकर बाईचे होते ही समजूत खोटी आहे. शरीर आपल्या गतीने बदलते, दोन-तीन वर्षे घेते. जास्त गोळ्यांनी घाई होत नाही, गुठळी मात्र होते.

मग गोळ्या घेऊच नयेत, असे कुणी म्हणेल. मीही एकेकाळी म्हणालो असतो. पण न घेण्यातही धोका आहे. परंपरेने निर्वाण करून घेतलेल्या, म्हणजे वृषणे काढून टाकलेल्या कित्येक जणी पुढे कोणतेच संप्रेरक घेत नाहीत. स्त्रीचे नाही, पुरुषाचे नाही. अशा शरीराची हाडे म्हातारपण यायच्या आधीच ठिसूळ होत जातात. आणि जिला आरशात आपल्याऐवजी परके कुणी दिसते, तिच्या जिवाला दुसराही घोर असतो. अॅमस्टरडॅमच्या त्याच रुग्णालयाने २०२१ साली जवळजवळ पन्नास वर्षांचा हिशेब मांडला. त्यात पारलिंगी स्त्रियांमधले मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे पावणेदोन पट होते. मृत्यूची कारणे पाहिली तर हृदयविकार, फुप्फुसाचा कर्करोग, एड्स, आत्महत्या. मृत्यूंचे खापर हार्मोनवर फोडावे असे त्यात अभ्यासकांना दिसले नाही.

म्हणून प्रश्न डॉक्टरापाशी येऊन थांबतो, आणि आपल्याकडे तिथेच अडतो. रांग बायकांची धरायची की पुरुषांची इथपासून सुरुवात. केसपेपरवर कोणते नाव लिहायचे, ते मोठ्याने पुकारायचे की नाही. माझा कॅशियर हसला तसा तिथला वॉर्डबॉय हसतो. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्यात सरकारने शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचारांची सोय करावी, त्यासाठी विम्याचे छत्र द्यावे, असे लिहिले गेले. २०२२ साली आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा करार झाला. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. कागदावर हे बरेच आहे. परंतु हैदराबाद, ठाणे जिल्हा आणि पुणे इथे 'मित्र' नावाचे जे दवाखाने होते, जिथे पुष्कळसे कर्मचारीही याच समाजातले होते आणि हार्मोनचा सल्ला विनासंकोच मिळे, ते २०२५ च्या जानेवारीत बंद पडले. अमेरिकेतल्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत थांबवली, आणि पुण्यातल्या एका मुलीची रक्ततपासणी राहिली. हैदराबादचा दवाखाना पुढे त्याच वर्षी टाटा ट्रस्टच्या मदतीने नव्या नावाने उघडला. एवढ्या मोठ्या देशातले हे थोडेसे दवाखाने वॉशिंग्टनच्या पैशावर चालत होते हे मला ते बंद पडल्यावर कळले, याची मला लाज वाटते.

निवृत्तीनंतर मी पुण्यात राहतो. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने चिठ्ठी मागितली. ती जुनी आहे म्हणून कुरकुरला. माझ्या शेजारी विशी-बाविशीची एक मुलगी उभी होती, ओढणी गळ्यापर्यंत ओढून घेतलेली. तिने हळू आवाजात चार पट्ट्या मागितल्या. दुकानदाराने वर न पाहता दिल्या. माझ्या एका गोळीला चिठ्ठी, तिच्या चार पट्ट्यांना नाही.

ती पायरी उतरत होती तेव्हा मी म्हणालो, "बाळ, एक विचारू? पाय सुजतो का कधी? एकच?"

ती थबकली. "तुम्ही डॉक्टर आहात का, काका?"

"नाही. बँकेत होतो."

तिला हसू आले. जायला निघाली, आणि पुन्हा वळली. "का विचारलंत?"

आम्ही तिथेच पायरीशी उभे राहून बोलत होतो. गिऱ्हाइकांची वाट अडते म्हणून दुकानदाराने दोनदा बाजूला व्हायला सांगितले.